तिसरं बटण

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा पाहू. फार मोठी नको. खिडकीशी टेबल, टेबलावर संगणक, आणि त्याच्यासमोर एक गोल फिरणारी खुर्ची. खुर्चीचं कापड एका कोपऱ्यात फाटलंय आणि त्यातून पिवळा स्पंज डोकावतोय. त्या फाटक्या जागी बोट घालून विचार करायची सवय या गोष्टीतल्या मुलीला होती. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण त्या खुर्चीवर ती कधी सरळ बसलीच नाही.

आता दाराकडे वळा. चौकटीला लागून, भिंगरीच्या खांद्याएवढ्या उंचीवर, एकाखाली एक तीन बटणं आहेत. पहिलं दिव्याचं, दुसरं पंख्याचं, तिसरं संगणकाचं. तिन्ही इतकी गुळगुळीत झाली आहेत की बोट घसरावं. ती का गुळगुळीत झाली हे कळलं, की अर्धी गोष्ट कळली म्हणून समजा.

बटणांच्या वर एक पुठ्ठा टांगला होता. त्यावर आजोबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘खोलीतून जो शेवटी निघेल, त्याने सर्व बटणे बंद करावीत.’ असे पुठ्ठे घरात प्रत्येक दाराशी होते, अगदी न्हाणीघराशीसुद्धा.

आजोबा म्हणजे भिंगरीच्या बाबांचे वडील. पण नात झाल्यापासून घरात सगळेच त्यांना आजोबा म्हणत, त्यांची स्वतःची मुलंही. पस्तीस वर्षं त्यांनी वीजकेंद्रात काढली होती. वीज कुठून येते, किती कष्टाने येते, हे ठाऊक असलेला घरातला तो एकच माणूस, आणि बाकीच्यांना ते ठाऊक नाही याचं दुःखही त्यांना एकट्यालाच. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की आपल्या अंगातूनच कोणी रक्त काढतंय असा त्यांचा चेहरा होई. कधीकधी खोली रिकामी नसायचीही. एकदा काका न्हाणीघरात आरशासमोर मिशी कोरत होता. आत कोणी नाही असं समजून आजोबांनी बाहेरून बटण दाबलं. अंधारात काकाचा हात हलला आणि अर्धी मिशी गेली. काकाने उरलेली अर्धीही उतरवली आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरला, की हल्ली असंच ठेवतात.

काका हा असा होता. चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि गोड आवाजात विचारायचं, “हे बरं दिसतंय, की आधीचं?” आपल्याला फरक कळत नाही असं कबूल करायची माणसाला लाज वाटते, हे त्याला तिथेच समजलं होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र ते त्याला कधी समजलं नाही.

भिंगरी आजोबांची सगळ्यांत लाडकी शिष्या. खोलीतून निघताना ती तळहात वरून खाली असा फिरवायची की तिन्ही बटणं एका दमात बंद. टक्-टक्-टक्. बघायचीसुद्धा गरज नाही. आजोबांनी खूश होऊन तिला ‘मुख्य अभियंता’ हे पद देऊन टाकलं होतं. काकाने तेच पद मागून पाहिलं, तेव्हा आजोबा म्हणाले, “तू आधी शिकाऊ हो.”

आता आईकडे येऊ. आई धरणावर पाण्याची पातळी मोजायच्या कामाला होती आणि वर्षभरासाठी लांबच्या एका धरणावर तिची बदली झाली होती. जाण्यापूर्वी ती आणि भिंगरी संगणकावर एक चित्र काढत असत. चित्र म्हणजे एक आख्खं गाव. रोज आईने एक घर काढायचं आणि भिंगरीने त्यात माणसं घालायची. चौऱ्याहत्तर घरं झाली होती. पंचाहत्तरावं घर आईने निघायच्या दिवशी घाईत काढलं. भिंती काढल्या, छप्पर काढलं, दोन खिडक्या काढल्या, आणि बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

“आई, दार राहिलं!”

“ते मी काढीन. तू काढू नकोस हं.”

भिंगरीने नाही काढलं. त्या घरात तिने एक बाई आणि एक मुलगी मात्र घालून ठेवल्या होत्या. दोघी खिडकीत उभ्या होत्या, कारण बाहेर यायला वाटच नव्हती.

फोनवर आई रोज बोलायची. पण फोनवर तोंड दिसतं. दार काढणारा हात कुठे दिसतो?

मग एका संध्याकाळी आई म्हणाली, “अगं, आपल्या संगणकात मला इथूनही बसता येईल. माझ्या कचेरीतल्या संगणकावरून तुमच्या संगणकात शिरायचं. बाकी सगळी जुळणी मी करून ठेवलीय, पण आपली सिस्टीम घरगुती आवृत्तीची आहे ना, ती बाहेरच्या माणसाला आत घेत नाही. त्याला व्यावसायिक आवृत्ती लागते.”

“पण तू कुठे बाहेरची आहेस?”

“तिला तसंच वाटतं ना, राणी.”

इथे जरा थांबून ही आवृत्तीची भानगड सांगतो. संगणकाच्या पोटात एक कारभारी असतो. फाइली उघडणं, चित्र दाखवणं, माऊसचं ऐकणं, सगळं तोच बघतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. भिंगरीकडच्या कारभाऱ्याच्या दोन आवृत्त्या मिळत, घरगुती आणि व्यावसायिक. दोघांचं नाक, डोळे, कपडे सगळं सारखं. फक्त व्यावसायिकाच्या कमरेला दोन-चार किल्ल्या जास्त. आणि एकाचा दुसरा करायला जुना हाकलावा लागत नाही. पंचवीस अक्षरांचा एक परवाना भरायचा, संगणक थोडा वेळ आपल्या तंद्रीत जातो, बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि झालं.

आईने परवाना घेऊन पाठवला. “मग रोज दुपारच्या सुट्टीत मी आत येत जाईन,” ती म्हणाली. “पण एक आहे. मी आत आले की तुमच्याकडचा पडदा कुलूपबंद होतो. एका वेळी एकीनेच बसायचं. म्हणजे तू शाळेत असताना मी चित्र काढीन, आणि तू घरी आलीस की बघशील.”

भिंगरीने खुर्चीवर तीन गिरक्या घेतल्या. शाळेतून यावं आणि आई येऊन गेलेली असावी! तिला हे फारच आवडलं.

घरच्यांनाही ही गोष्ट आवडली, पण ज्याची त्याची कारणं वेगळी होती.

“घरगुती!” काका म्हणाला. “इतके दिवस आपण घरगुतीवर बसलो होतो आणि मला कोणी बोललं नाही? अरे, लोक काय म्हणतील?”

“तू त्याच्यावर पत्ते खेळतोस,” आजोबा म्हणाले.

“तेच ना! म्हणूनच हरतो.”

बाबांची पावाची भट्टी होती. पहाटे तीनला उठणारा माणूस. दुपारी कुठेही टेकला की झोपायचा. ते जांभई देत म्हणाले, “व्यावसायिक म्हणजे भट्टीचा हिशोब आपोआप होईल का रे?”

“आपोआप! तुम्ही नुसतं बघत बसा, दादा.”

आणि आजोबांनी एकच प्रश्न विचारला, “वीज जास्त खाईल का?” नाही म्हटल्यावर त्यांनी परवानगी दिली. दुपारी घरात कोणी नसताना संगणक चालू कसा राहणार, हे मात्र कोणाच्याच डोक्यात आलं नाही. समोर पुठ्ठा टांगलेला होता, पण रोजच्या गोष्टी कोण वाचतो?

रविवारी जेवणं झाल्यावर काकाने सगळ्यांना खोलीत बोलावलं. स्वतः दोनदा हात धुऊन आला. परवान्याची अक्षरं भिंगरीने एकेक वाचली, काकाने एका बोटाने एकेक मारली. पडदा निळा झाला. मधे एक वर्तुळ फिरू लागलं आणि खाली अक्षरं आली: ‘काम चालू आहे. संगणक बंद करू नका. चार टक्के.’

“कोणी हात लावायचा नाही,” काका म्हणाला. “श्वाससुद्धा बेताने.”

चौघे बसले. नऊ टक्के झाले. बाबा भिंतीला टेकले आणि घोरू लागले. बावीस टक्क्यांना आजोबा उठले, ओसरीवरचा दिवा गेला होता तो बदलायला. एकतीसला काकाने बाबांना त्यांच्या खोलीत पोचवलं आणि ‘आपल्याकडे आता व्यावसायिक आहे’ हे कळवायला तो शेजारच्या शिंप्याकडे गेला. उरली भिंगरी. खुर्चीच्या स्पंजात बोट, नजर वर्तुळावर. अठ्ठेचाळीस.

“अभियंता!” बाहेरून हाक आली. “शिडी धरायला ये बरं, डगमगतेय!”

आजोबा पडले तर? भिंगरी ताडकन उठली आणि धावली.

दारातून जाताना तिचा हात नेहमीसारखा वरून खाली फिरला.

टक्-टक्-टक्.

तिने शिडी धरली, आजोबांनी दिवा बसवला, लावून पाहिला, समाधानाने मान हलवली आणि लगेच बंद केला. भिंगरी खोलीत परतली. पडदा काळा होता.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. तिने तिसरं बटण पुन्हा दाबलं. संगणक बराच वेळ कुरकुरला. मग ओळ उमटली: ‘काम पूर्ण झाले नाही. केलेले बदल मागे घेत आहोत. संगणक बंद करू नका.’ या वेळी ती बटणांच्या पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. पाचेक मिनिटांनी जुनाच पडदा आला. तेच चित्र, तीच चिन्हं. सेटिंगच्या पानावर तोच शब्द: घरगुती.

तेवढ्यात काका शिंप्याला घेऊनच आत आला.

“झालं!” तो पडद्याकडे पाहून ओरडला. “बघा! दादा, उठा! आजोबा!”

“काका, अरे...” भिंगरी म्हणाली.

“थांब गं. बघा, अक्षरं कशी कोरीव दिसताहेत. हे बरं दिसतंय, की आधीचं?”

“हे,” शिंपी म्हणाला. त्याने आधीचं पाहिलंच नव्हतं.

“रंगही जरा गडद आलाय,” बाबा डोळे चोळत म्हणाले.

काका पत्त्यांचा एक डाव खेळला आणि जिंकला. “आता बोला!”

भिंगरीने खुर्चीच्या स्पंजात बोट घातलं. मुख्य अभियंत्याने बटण दाबलं, हे शिंप्यासमोर कसं सांगायचं? आणि काकाचा चेहरा तर असा फुलला होता, की त्यावर पाणी ओतायला धीर होईना. मग सांगू, ती मनाशी म्हणाली. ‘मग’ हा शब्द फार सोयीचा असतो. तुम्हालाही ठाऊक असेल.

पाच वाजता आईचा फोन आला. धरणाला रविवार नसतो, म्हणून ती कचेरीतच होती. काकाने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

“वहिनी, या आत! दार उघडंय!”

तिकडे खटखट झाली. पुन्हा खटखट. “नाही घेत हो भाऊजी. बंदच म्हणतंय.”

“तुमच्याकडचाच घरगुती असेल.”

“अहो, मी कचेरीत आहे.”

“मग तुमच्या धरणाच्या भिंतीमुळे अडत असेल. इकडे सगळं उत्तम आहे, मी स्वतः केलंय.”

“सूनबाई, नीट बघ,” आजोबाही म्हणाले. “इकडे फरक अगदी स्पष्ट दिसतोय.”

आईने अर्धा तास खटपट केली. एकदा तिने विचारलं, “सेटिंगमधला शब्द पाहिलात ना?” त्यावर काका म्हणाला, “शब्द काय बघायचे, वहिनी? अनुभव येतोय ना!” शेवटी आईचा आवाज बारीक झाला. “माझंच काहीतरी चुकत असणार. तुम्ही सगळे म्हणताय म्हणजे तिकडे झालंच असेल. राहू दे, भिंगरे. मी सुट्टीत आले की काढीन हं दार.”

सुट्टीला अजून पाच महिने होते.

भिंगरीने स्पंजातून बोट बाहेर काढलं.

“आई, ठेवू नको! तुझं नाही चुकलं. इकडे काहीच झालेलं नाही. अठ्ठेचाळीस टक्क्यांवर मी बटण बंद केलं.”



“कोणी सांगितलं होतं तुला?” काका म्हणाला.

“कोणी नाही. मी शेवटी निघाले. हात आपोआप...” तिने पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

काकाने सेटिंगचं पान उघडलं. तोंडाने न बोलता तो शब्द दोनदा वाचला. “म्हणजे हा घरगुतीच?”

“हो.”

“पण मी डाव जिंकलो!”

“रंग गडद मला खरंच वाटला होता,” बाबा हळूच म्हणाले. शिंप्याला एकदम दुकानातलं काम आठवलं.

 भिंगरी आजोबांकडे पाहायचं टाळत होती. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. पण रागावणार कशावरून? नियम त्यांचा, आणि तो मोडला कोणी नव्हता. उलट इतका काटेकोर पाळला होता की त्यांनाच कौतुक वाटावं.

टेबलावरच्या फोनमधून आईचा आवाज आला, “अजून आहात का सगळे?”

“आहोत, सूनबाई,” आजोबा म्हणाले. ते उठले, कपाटातून एक जुनी वही घेऊन आले आणि स्वयंपाकघरातलं स्टूल आणून बटणांच्या बरोबर खाली मांडलं. “वीजकेंद्रात पस्तीस वर्षं माझं काम काय होतं, माहीत आहे? कोणी असो, नसो, बटण बंद पडू द्यायचं नाही. रात्ररात्र बसायचो. घरी आलो आणि राहिलेलं आयुष्य बंद करण्यात घालवतोय. टाक पुन्हा ती अक्षरं. मी पाळीवर आहे.”

काकाने अक्षरं पुन्हा टाकली. या वेळी हात धुतले नाहीत. आजोबा स्टुलावर ताठ बसून वहीत नोंदी करत होते: पाच पन्नास, नऊ टक्के. सहा वाजून चार मिनिटं, तेवीस टक्के. काका पाणी प्यायला उठला तर त्याला दोन्ही हात मागे बांधून बाहेर जायला लावलं. अठ्ठेचाळीस टक्के झाले तेव्हा भिंगरीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा एकोणपन्नास होते.

सहा चाळीसला पडदा आला. तेच चित्र, तीच चिन्हं. सेटिंगच्या पानावर एक शब्द तेवढा बदललेला: व्यावसायिक.

“एवढंच?” काका हिरमुसला. “पहिल्या वेळी जास्त फरक पडला होता.”

आणि इतक्यात कोणी हात न लावता पडदा मिटला. त्यावर कुलूप आलं.

“चोर!” काका ओरडला.

“चोर नाही,” भिंगरी म्हणाली. “आई आहे.”

“आले गं, आत आले!” फोनमधून आई हसत होती. “अगंबाई, या खिडकीत कोण उभ्या केल्यास? बरं, आज फक्त पाहून जाते. दार घाईत काढायचं नाही मला. उद्या दुपारी निवांत येते.”

दुसऱ्या दिवशी सोमवार. बाबा पहाटेच भट्टीवर गेले, काका दुकानात. आजोबा भिंगरीला शाळेत सोडून पुढे वाचनालयात जात, ते थेट संध्याकाळी तिला घेऊनच परत येत. पायात चपला घालून ते खोलीच्या दाराशी उभे होते. भिंगरीने संगणक सुरू केला, चित्र उघडून ठेवलं आणि दप्तर पाठीला लावलं.

दारात येताच तिचा हात वर गेला. आणि तिथेच थांबला.

पुठ्ठा डोळ्यांसमोर होता. ‘खोलीतून जो शेवटी निघेल.’ आजोबांनी त्यातलं एक अक्षरही बदललं नव्हतं. रात्री त्यांनी बराच वेळ हातात पेन धरलं होतं, असं काका सांगत होता, पण इतक्या वर्षांची सवय एका पेनाने खोडता येत नाही.  आताही त्यांच्या हाताची बोटं नुसतीच हलत होती, रिकामी खोली पाहिल्यावर हलायची तशी.

“काय, अभियंता?” शेवटी त्यांनी विचारलं. “नियम काय म्हणतो?”

भिंगरीने खुर्चीकडे पाहिलं, पडद्यावरच्या पंचाहत्तराव्या घराकडे पाहिलं आणि पुठ्ठा पुन्हा एकदा, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा, नीट वाचला.

“आजोबा, मी कुठे शेवटी निघतेय? आई यायचीच आहे अजून.”

मग तिने दिव्याचं बटण बंद केलं, पंख्याचं बंद केलं, तिसऱ्यावरून हात उचलून तो दप्तराच्या पट्ट्यात घट्ट अडकवला आणि आजोबांच्या पुढे होऊन चालू लागली.